शनिवारी शायलॉक कुठे जाईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगची बातमी आली होती. ‘कपटी ज्यूची फजिती, पोर्शियाला टाळ्या’ असा मथळा, खाली चार ओळी आणि काळ्या कोटातल्या मुलीचा फोटो. त्या रात्री मी त्याच मांडवात तिसऱ्या रांगेत बसले होते. शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातला कोर्टाचा प्रवेश होता : कर्ज वेळेत फिटले नाही म्हणून ज्यू सावकार शायलॉक करारानुसार अँटोनियोचे मांस मागतो, आणि कायदेपंडिताच्या वेषात आलेली पोर्शिया त्याला हरवते. माझी नात त्या प्रवेशात पोर्शियाची दासी नेरिसा झाली होती. मुलांनी दीड महिना तालीम केली होती. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची कामे उरकून मुली संध्याकाळी शाळेत जात होत्या, आणि इंग्रजी संवाद एकाही मुलाचा अडला नाही. मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे म्हणणे आहे ते मथळ्याबद्दल, आणि शाळेने ज्या जागी नाटक तोडून पडदा पाडला त्या जागेबद्दल.

शायलॉक झालेल्या मुलाला पुठ्ठ्याचे लांब, वाकडे नाक लावले होते. तो आला तशी मागून शिट्यांना सुरुवात झाली. ‘मांस घे, पण रक्ताचा एक थेंब सांडता कामा नये’ हे पोर्शियाचे वाक्य झाले, शायलॉकच्या हातातली सुरी खाली पडली, तो गुडघ्यांवर बसला आणि पडदा पडला. पाहुण्यांनी भाषणात सांगितले की आपल्याकडच्या सावकारांनाही अशीच अद्दल घडली पाहिजे. मांडव दणाणून गेला. माझ्या शेजारी आठवीतला एक मुलगा बसला होता. त्याने मला विचारले, “आजी, ज्यू म्हणजे सावकारच ना?”

हे पत्र मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे.

तेहतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. त्यातली पहिली आठ वर्षे मीही शायलॉक असाच शिकवला, आणि पाहुण्यांनी काढलेल्या त्या वाक्यामागचा राग मला परका नाही. माझ्या आजोबांची बोरी नदीकाठची चार बिघे काळी जमीन एका कोऱ्या स्टँपवरच्या अंगठ्याने गेली. घेतले होते बियाण्यापुरते पैसे. दोन वर्षे पाऊस रुसला, आणि तिसऱ्या वर्षी स्टँपवर काय लिहिले गेले ते आजोबांना वाचता येत नव्हते. ते अहिराणीत एवढेच म्हणायचे, “व्याज रातले बी झोपस नही.” मी शिकले त्यात त्यांची एक इच्छा अशी होती की घरात निदान एकाला तरी कर्जाचे खत वाचता यावे. अशा घरातली मुलगी वर्गात शायलॉकचा धडा घेते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहत असेल, हे सांगायला नको.

पण शायलॉक आमच्या गावचा सावकार नव्हे. हे मला एका मैत्रिणीने दाखवले, आणि ते समजायला मला नऊ वर्षे लागली.

१९७४ साली मी पुण्याला बी.एड. करत होते. वसतिगृहात माझ्या खोलीत अलिबागकडची एक मुलगी होती. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोली कोकणातली, भांडण मराठीत आणि प्रार्थना हिब्रूत. तिच्या पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा वार; त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ती दिवा लावायची, आणि मी अंथरुणावर पडल्या पडल्या तो पाहायचे. घरून आली की मलिद्याचे पोहे डब्यातून आणायची. गूळ, खोबरे आणि फळांचे काप घातलेले. एकदा ती मला लाल देवळात घेऊन गेली. १८६७ साली बांधलेले ते विटांचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, पुणेकर अजून लाल देऊळ म्हणूनच ओळखतात. खानदेशातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या मला तोवर ज्यू हा शब्द फक्त शेक्सपियरच्या धड्यातून माहीत होता. माझ्या खोलीत राहणारी मुलगी ज्यू आहे, हे मला सहा आठवडे कळलेच नव्हते.

त्या वर्षी कॉलेजात आम्ही हाच कोर्टाचा प्रवेश केला. पोर्शिया मी होते. माझा काळा झगा तिने शिवला, आणि प्रवेशभर ती विंगेत उभी राहून बघत होती. टाळ्या झाल्या, फोटो झाले. रात्री खोलीवर आल्यावर तिने दिवा घालवण्याआधी मला विचारले, “तुझा शायलॉक आता पुढच्या शनिवारी कुठे जाईल गं?”

मला प्रश्न समजला नाही. मी हसून कूस बदलली. आमच्या प्रतीत ती ओळ होती, कोणी गाळली नव्हती. शायलॉकने ताबडतोब ख्रिस्ती व्हावे, ही अट. मी तीन फुटांवर उभी राहून ती ऐकली होती, आणि माझ्या कानावरून ती गेली होती. दोन वर्षांनी ती मैत्रीण कुटुंबासह इस्राएलला गेली. काही वर्षे तिची मराठीत पत्रे येत राहिली.

१९८३ साली बाहेरून एम.ए. करताना मी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ पहिल्यांदा सबंध वाचले. तोवर मी वाचले होते, शिकवले होते, ती लॅम्ब बहीणभावांची १८०७ सालची गोष्टरूप आवृत्ती. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शेक्सपियर भेटला तो त्याच दारातून. त्या गोष्टीच्या पहिल्या काही ओळींतच शायलॉक कठोर काळजाचा आहे हे सांगून टाकलेले आहे. ‘ज्यूला डोळे नसतात का?’ हे त्याचे भाषण तिथे नाही. मुलगी जेसिका घरातले पैसे आणि दागिने घेऊन रातोरात पळते, तेही नाही. तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केले होते, एवढाच उल्लेख. मूळ नाटकात तिसऱ्या अंकात शायलॉकला बातमी कळते की मुलीने एक अंगठी देऊन माकड विकत घेतले. तो म्हणतो, ती माझी फिरोज्याची अंगठी होती, लग्नाआधी लेआने मला दिलेली. माकडांनी भरलेले रान मिळाले असते तरी मी ती दिली नसती. लेआ ही त्याची बायको. तिचे नाव नाटकात एवढ्या एकाच जागी येते. आणि त्याच प्रवेशाच्या शेवटी तो आपल्या मित्राला, ट्यूबलला, सांगतो की मला आपल्या सिनेगॉगमध्ये भेट. ती ओळ वाचताना मला नऊ वर्षांपूर्वीचा प्रश्न ऐकू आला. पुस्तक मिटून मी ओट्यावर जाऊन बसले.

आता नाटकात नेमके काय आहे ते सांगते, कारण मथळ्यातले ‘कपटी’ हे विशेषण तिथे तपासायला हवे. अँटोनियोला मित्रासाठी तीन महिन्यांकरता तीन हजार डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, हवे आहेत. शायलॉक त्याला आठवण करून देतो : तू माझ्या अंगरख्यावर थुंकलास, मला कुत्रा म्हणालास. यावर अँटोनियो, नाटकातला सज्जन, काय म्हणतो? मी पुन्हाही तसेच म्हणेन, पुन्हा थुंकेन, लाथही मारीन. मित्राला म्हणून देऊ नकोस, शत्रूला म्हणून दे. त्यानंतर शायलॉक या कर्जावर कवडीचेही व्याज घेत नाही. हे मी वर्गात सांगे तेव्हा मुलांना खरे वाटत नसे. त्या ऐवजी तो मांसाची अट घालतो, आणि ती भीषण आहे, यात वाद नाही. पुढे कोर्टात तो तळव्याच्या चामड्यावर सुरी घासतो तेही भीषणच. त्याला संत करा असे माझे म्हणणे नाही. पण पेपर तपासताना दरवर्षी निम्म्या मुलांनी लिहिलेले असे की व्हेनिसचा व्यापारी म्हणजे शायलॉक. व्यापारी अँटोनियो आहे. १५९८ च्या जुलैत लंडनच्या मुद्रकांच्या नोंदवहीत हे नाटक नोंदले गेले तेव्हाही ‘व्हेनिसचा व्यापारी किंवा व्हेनिसचा ज्यू’ अशी दोन्ही नावे होती. तेव्हापासून हा घोळ आहे. कोर्टात शिरल्यावर पोर्शिया स्वतः विचारते, यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? नुसते बघून तिला कळत नाही.

आणि दयेचे ते प्रसिद्ध भाषण. दया सक्तीने होत नाही, ती आभाळातून पडणाऱ्या हळुवार पावसासारखी असते, देणारा आणि घेणारा दोघांनाही पावन करते. हे मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले आहे. त्यानंतर काय घडते ते पाहा. शायलॉक हरतो. मग पोर्शिया एक कायदा काढते : परक्याने नागरिकाच्या जिवावर उठणे हा गुन्हा. शायलॉक व्हेनिसमध्ये राहतो, तिथेच धंदा करतो, तिथल्याच कोर्टात येतो, पण कायद्याच्या भाषेत तो परका. निम्मी मालमत्ता अँटोनियोची, निम्मी सरकारची, आणि जीव व्हेनिसच्या प्रमुखाच्या, ड्यूकच्या, हातात. ड्यूक जीव बक्षतो. मग अँटोनियोला विचारले जाते की तू काय दया दाखवशील. तो मागतो ते हे : मृत्यूनंतर याचे सगळे मुलगी आणि जावयाला जावे, आणि याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावे. पोर्शिया विचारते, “समाधान झाले ना, ज्यू?” तो म्हणतो, “झाले.” मग, मला बरे वाटत नाही, मला जाऊ द्या, एवढेच. पाठीमागून अँटोनियोच्या मित्रांपैकी ग्रॅशियानो ओरडतो की मी न्यायाधीश असतो तर तुला बाप्तिस्म्याला नव्हे, फासावर पाठवले असते. शायलॉक जातो तो पुन्हा येत नाही. पाचवा अंक सगळा चांदणे, संगीत आणि अंगठ्यांच्या थट्टेचा आहे.

जी दया सक्तीने होत नाही म्हणून सांगितली, तीच सक्तीने झाली. आमच्या तालुक्यातल्या शाळेने नेमका हाच भाग गाळला. वेळेअभावी गाळला असेल, पण एवढाच भाग गाळला की नाटकाचा अर्थ उलटा होतो.

ख्रिस्ती झाल्यावर शायलॉक पोट कशावर भरणार होता, हेही बघायला हवे. ख्रिस्त्याने ख्रिस्त्याकडून व्याज घेणे चर्चला पाप वाटे. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत शिरता येत नसे. खरा व्हेनिस तर याहून कडक होता. २९ मार्च १५१६ रोजी तिथल्या सरकारने ज्यूंना जुन्या ओतशाळेच्या बेटावर राहायला लावले. ‘घेट्टो’ हा शब्दच त्या ओतशाळेवरून आला. रात्री वेशी बंद होत, पहारेकरी ख्रिस्ती असत आणि त्यांचा पगार आत कोंडलेल्या ज्यूंनी द्यायचा. बाहेर पडताना ओळखू येण्यासाठी पिवळी खूण. जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी, आणि गोरगरिबांसाठी गहाणाच्या पेढ्या चालवणे एवढेच मोकळे. त्या पेढ्या चालवणे ही शहरात राहू देण्याची अटच होती. १७९७ साली नेपोलियनचे सैन्य आले तेव्हा त्या वेशी तोडल्या गेल्या. म्हणजे आधी एकच धंदा हातात द्यायचा, मग त्याच धंद्यावरून थुंकायचे. गावकूस काय असते हे आपल्या वाचकांना मी वेगळे समजावून सांगायला नको. शेक्सपियरच्या नाटकात मात्र घेट्टोचा उल्लेखही नाही.

असणार कसा? त्याच्या प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारी वस्ती पाहिलेलीच नव्हती. पहिल्या एडवर्ड राजाने १२९० साली इंग्लंडमधून ज्यूंना घालवले होते, आणि त्यांना पुन्हा उघडपणे राहता येऊ लागले ते १६५६ नंतर. मधली साडेतीनशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवरचा ज्यू ऐकीव होता. १५९४ च्या जूनमध्ये राणी एलिझाबेथचे वैद्य रॉड्रिगो लोपेझ यांना राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून टायबर्नला फाशी दिले. ते पोर्तुगालहून आलेले, ज्यू वंशाचे, पण ख्रिस्ती म्हणून राहणारे. फाशीखाली उभे राहून ते म्हणाले की येशू ख्रिस्तावर आहे तितकेच माझे राणीवर प्रेम आहे. गर्दी हसली. धर्म बदललेल्या माणसाचा शब्दही त्या गर्दीला खरा वाटला नाही. म्हणून म्हणते, शायलॉकला बाप्तिस्मा मिळाला असता तरी त्याच्यावर थुंकणे थांबले नसते.

त्याच वर्षी लंडनमध्ये शेक्सपियरच्याच काळातला नाटककार मार्लो याचे ‘ज्यू ऑफ माल्टा’ पुन्हा पुन्हा लावले गेले. त्यातला बराबस खरोखरच राक्षसी आहे. जोगिणींच्या मठात विष घातलेली भाताची खीर पाठवणारा, शेवटी स्वतः लावलेल्या सापळ्यातून उकळत्या कढईत पडणारा. पण त्या नाटकाची सुरुवात विसरू नये. तुर्कांची दहा वर्षांची खंडणी थकली म्हणून माल्टाचा राज्यपाल ज्यूंना बोलावतो : निम्मी इस्टेट द्या, नाही तर ख्रिस्ती व्हा. बराबस तयार होत नाही, तर त्याचे सगळेच घेतात आणि त्याच्या घराचा मठ करतात. तेव्हा तो विचारतो, अन्याय करायला धर्मग्रंथाचा दाखला आणता का? मार्लोने राक्षस रंगवला, पण हे वाक्यही त्याच्याच तोंडी घातले.

या सगळ्याच्या आधी, १५८४ साली, रॉबर्ट विल्सन नावाच्या नटाचे एक नाटक छापले गेले, ‘थ्री लेडीज ऑफ लंडन’. ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही याचे मला वाईट वाटते. त्यात जेरोंटस नावाचा ज्यू आहे आणि त्याचा कर्जदार मर्काडोरस हा इटलीचा ख्रिस्ती व्यापारी. कर्ज तेच, तीन हजार डुकॅट. खटला तुर्कस्तानात चालतो. तिथला कायदा असा की जो आपला धर्म सोडून मुसलमान होईल त्याचे कर्ज माफ. मर्काडोरस कर्ज बुडवायला धर्म सोडायला निघतो. जेरोंटस हादरतो. माझ्या पैशापायी एका माणसाने आपला देव सोडला हे पाप मला नको, असे म्हणून तो आधी व्याज सोडतो, मग निम्मे मुद्दल, मग सगळेच. न्यायाधीशही थक्क होतो : ज्यू ख्रिस्तीपणात वरचढ आणि ख्रिस्ती ज्यूपणात! (त्या शब्दांत काळाचा पूर्वग्रह आहेच.) शेक्सपियरच्या कोर्टात पैसा आणि धर्म दोन्ही हिरावून घेतात. विल्सनचा ज्यू दुसऱ्याचा धर्म वाचावा म्हणून पैसा सोडतो. हे दोन प्रवेश एका संध्याकाळी पाठोपाठ झालेले मला बघायचे आहेत.

आता पाहुण्यांच्या सावकाराबद्दल. आपल्या भागातला कर्जाचा राग खरा आहे, आणि त्यासाठी कायदे झाले. व्याज मुद्दलापेक्षा वाढू न देणारा दामदुपटीचा जुना नियम होता, १९४६ चा मुंबई सावकारी कायदा होता, आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम आहे. १८७५ च्या मेमध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी माणसांवर हात उगारण्यापेक्षा कर्जखते जाळली, कारण जमीन त्या खतांत अडकली होती. पण तेव्हाच्या चौकशी आयोगाने एक गोष्ट नोंदवली आहे : रोष जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर, निघाला. गावचेच असणारे सावकार बरेचसे सुटले. राग व्याजाचा असतो आणि फुटतो तो परक्या माणसावर. माझ्या आजोबांची जमीन घेणारा आमच्याच गावचा, आमच्याच देवळात आरतीला उभा राहणारा होता. त्याच्यावर कोणी कधी थुंकले नाही. तलाठी त्याच्या ओटीवर चहा घ्यायला बसे. त्याला आणि शायलॉकला एका ओळीत बसवणाऱ्यांनी हा फरक सोडून दिला आहे.

त्याच शब्दांतून वेगळा माणूस उभा करता येतो हे रंगभूमीने दाखवले आहे. १७४१ साली लंडनमध्ये मॅक्लिन या नटाचा शायलॉक पाहून लोक घाबरले. १८१४ साली कीन या नटाने त्याला दुखावलेला माणूस केले. १८७९ साली हेन्री आयर्व्हिंगने एक न लिहिलेला क्षण घातला : मुलगी पळून गेल्यावर बाप कंदील घेऊन घरी येतो, दार ठोठावतो, आत कोणी नाही, आणि पडदा. त्यासाठी पुठ्ठ्याचे नाक लागत नाही.

संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. त्या बातमीचा मथळा दुरुस्त करून छापावा. ‘कपटी’ आणि ‘ज्यू’ हे शब्द आपल्या वाचकांच्या घरात असे जोडीने जायला नकोत; याच महाराष्ट्रात शेकडो वर्षे मराठी बोलत राहिलेल्या लोकांचे ते नाव आहे. आणि पुढच्या गॅदरिंगला ज्या शाळांना हा प्रवेश करायचा असेल त्यांच्यासाठी मी शायलॉकच्या जाण्यापर्यंतचा सबंध प्रवेश, जेरोंटसच्या प्रवेशासह, मुलांना झेपेल असा हाताने लिहून ठेवला आहे. झेरॉक्सचा खर्च माझा. सांगतील त्या गावी एसटीने येऊन तालीम घेईन. गुडघे अजून साथ देतात.

आठवीतला तो मुलगा परवा नातीबरोबर घरी आला होता. त्याला मी अंगठीचा उतारा वाचून दाखवला आणि मैत्रिणीचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सिनेगॉगमध्ये घेणार नाहीत, चर्चमध्ये जावंसं वाटणार नाही. मग घरीच बसेल. पण आजी, घरात तर कोणीच नाही ना.” शायलॉक करायला तो तयार आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव